ब्रोमो आणि इजेनला जाताना या चुका टाळा

बालीला गेलेले अनेक भटके आता समुद्रकिनाऱ्यावर न थांबता गिलिमानुकहून फेरीबोट पकडतात, सामुद्रधुनी ओलांडून पूर्व जावात उतरतात आणि इजेन व ब्रोमो हे दोन जागृत ज्वालामुखी पाहून परततात. यांत सह्याद्रीत वर्षानुवर्षे चढ-उतार केलेली मंडळी पुष्कळ असतात. त्यांचे पाय तयार असतात, दम चांगला असतो आणि घसाऱ्यावरून उतरायची भीतीही मोडलेली असते. तरीही चुका होतात, कारण आपल्या डोंगरातल्या सवयी त्या डोंगरांना लागू पडत नाहीत. सह्याद्रीचा कातळही लाव्हाचाच, पण तो थंड होऊन सुमारे ६.६ कोटी वर्षे लोटली. निसरडी वाट, दाट धुके, दरड, आग्या मोहोळ हे आपल्याकडचे धोके ओळखीचे आहेत आणि काळजी घेतली तर बहुतेक वेळा टाळता येतात. जागृत ज्वालामुखीवर मात्र काल सुरक्षित असलेली जागा आज तशी असेलच असे नाही, आणि तिथे पोहोचलेल्या माणसाला तो बदल दिसेलच असेही नाही.

पातळी पाहणे, पण सूचना न वाचणे

इंडोनेशियात ज्वालामुखींवर लक्ष ठेवण्याचे काम पीव्हीएमबीजी ही सरकारी संस्था करते आणि तिची माहिती ‘मॅग्मा इंडोनेशिया’ या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येते. धोक्याच्या चार पातळ्या आहेत: पहिली नॉर्मल, दुसरी वास्पादा, तिसरी सियागा आणि चौथी आवास. बहुतेक प्रवासी आकडा पाहतात, तो दोन असल्याचे कळले की निश्चिंत होतात आणि त्याखाली लिहिलेली शिफारस वाचतच नाहीत. वास्तविक विवरापासून किती किलोमीटर दूर राहावे, कोणत्या दिशेच्या ओढ्यात उतरू नये हे सगळे त्या शिफारशीतच असते.

पश्चिम सुमात्रातील मारापी या ज्वालामुखीवर २०२३ मध्ये नेमके हेच घडले. पातळी दुसरी होती आणि विवरापासून तीन किलोमीटरच्या आत जाऊ नये अशी सूचनाही होती, तरी चढाई चालूच होती. ३ डिसेंबरला उद्रेक झाला तेव्हा डोंगरावर ७५ गिर्यारोहक होते. त्यांपैकी २४ जणांचा मृत्यू झाला. प्रवेशाची पावती मिळणे आणि डोंगर सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका घटनेवरून पक्के लक्षात ठेवावे. नावाच्या साधर्म्यामुळे होणारा घोळही इथेच सांगून ठेवतो. हा सुमात्रातला मारापी वेगळा आणि योग्यकार्ताजवळचा मेरापी वेगळा. माहिती शोधताना भलत्याच डोंगराचा अहवाल वाचून निर्धास्त झालेली माणसे असतात, म्हणून नावाबरोबर प्रांतही तपासावा.

याच्या उलट चूक म्हणजे पहिल्या पातळीला पूर्ण अभय समजणे. जपानमधील ओंताके पर्वताची पातळी २७ सप्टेंबर २०१४ रोजी एक, म्हणजे सर्वांत खालची होती. त्या शनिवारी दुपारी उद्रेक झाला आणि ६३ माणसे मृत वा बेपत्ता झाली. न्यूझीलंडमधील व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी झालेल्या उद्रेकात बेटावरच्या ४७ जणांपैकी २२ दगावले. या दोन्ही ठिकाणी खालच्या उष्णतेने पाण्याची एकाएकी वाफ होऊन स्फोट झाला. अशा उद्रेकाआधी ठळक पूर्वसूचना मिळतेच असे नाही, त्यामुळे विवराच्या काठावर किती वेळ घालवायचा याचा निर्णय अखेर प्रवाशालाच घ्यावा लागतो. माझे मत स्पष्ट आहे: काठावर जावे, पाहावे आणि परत फिरावे. न्याहारी, गप्पा आणि फोटोंचे सत्र विवरापासून दूर गेल्यावर करावे.

एजंटाने महिन्यापूर्वी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या माहितीवर तर मुळीच विसंबू नये. प्रवासाला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी अहवाल स्वतः पाहावा आणि मुक्कामाच्या ठिकाणी स्थानिक माणसालाही विचारावे.

इजेनचा धूर आणि नाकावरचा मास्क

इजेनला लोक निळ्या ज्वाळा पाहायला जातात. त्या लाव्हाच्या नसतात. भेगांतून बाहेर पडणारा गंधकयुक्त वायू हवेत पेट घेतो आणि त्याची निळी ज्योत अंधारातच दिसते, म्हणून चढाई रात्री करावी लागते. पालतुदिंगच्या प्रवेशद्वारापासून विवराच्या काठापर्यंत सुमारे तीन किलोमीटरची वाट आहे आणि तिथवर फारशी अडचण येत नाही. खरा प्रश्न काठावरून आत उतरताना सुरू होतो. आत सुमारे एक किलोमीटर रुंदीचे हिरवट-निळे तळे आहे, त्यातील पाणी अतितीव्र आम्ल असून त्याचा पीएच ०.५ हूनही कमी आहे, आणि तळ्याच्या कडेला गंधकाची खाण आहे. आत उतरू नये असे फलक वाटेवरच लावलेले आहेत. तरी गाइडच्या भरवशावर लोक उतरतात. मी उतरू नका असेच सांगेन.

मास्कच्या बाबतीत होणारी चूक फार सर्रास आहे. कोविडच्या दिवसांतला एन-९५ मास्क राखेचे कण अडवतो, परंतु सल्फर डायऑक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइड हे वायू अडवत नाही. त्यासाठी आम्लवायूंवर चालणारे कार्ट्रिज, म्हणजे वायू गाळणारी डबी, असलेला रबरी मास्क लागतो. तो पायथ्याशी भाड्याने मिळतो, मात्र त्यातील कार्ट्रिज कधी बदलले आणि ते आधी किती जणांनी वापरले हे कळायला मार्ग नसतो. औद्योगिक सुरक्षेचे साहित्य विकणाऱ्या दुकानातून असा मास्क सीलबंद कार्ट्रिजसह घेऊन जाणे उत्तम. तो घातल्यावर दोन्ही कार्ट्रिजची तोंडे तळहातांनी झाकून श्वास आत ओढावा. मास्क चेहऱ्याकडे ओढला जाऊन चिकटून राहिला तर तो नीट बसला, कडेने हवा आत आली तर पट्टे पुन्हा आवळावेत. दाट दाढी असेल तर रबर त्वचेला टेकत नाही आणि चांगला मास्कही निकामी ठरतो. कॉन्टॅक्ट लेन्स मुक्कामीच काढून ठेवाव्यात आणि चष्मा वापरावा.

वारा फिरला आणि धूर अंगावर आला तर पळू नये, कारण पळताना श्वास खोल जातो आणि पाऊलही चुकते. डोळे किलकिले करून, ओले फडके नाकातोंडावर धरून, वाऱ्याच्या आडव्या दिशेने आणि शक्यतो वरच्या बाजूला सरकावे. खोलगट जागेत आसरा घेणे ही घातक चूक आहे. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, त्याला वास नसतो आणि तो खळग्यांत साचतो. मध्य जावातील दिएंग पठारावर १९७९ मध्ये अशाच वायूने १४० हून अधिक गावकऱ्यांचा बळी घेतला. हायड्रोजन सल्फाइडला सडलेल्या अंड्यासारखा वास येतो, पण त्याचे प्रमाण फार वाढले की नाक बधिर होते आणि वास येणेच थांबते. म्हणून वास अचानक नाहीसा झाला तर धोका टळला असे समजू नये, तिथून लगेच निघावे. बाहेर आल्यावर खोकला किंवा छातीतला आवळ थांबत नसेल, अथवा काही तासांनी पुन्हा सुरू झाला, तर दवाखाना गाठावा.

दमा, हृदयविकार किंवा गर्भारपण असेल तर हा डोंगर सोडून द्यावा. इजेनला डॉक्टरचे प्रमाणपत्र मागतात. ते वाटेत चटकन मिळवण्याचा कागद न मानता निघण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. त्या वाटेवर खांद्यावरच्या कावडीत सत्तर-ऐंशी किलो गंधक घेऊन माणसे चढत असतात. त्यांना आधी वाट द्यावी, प्रखर हेडटॉर्च त्यांच्या डोळ्यांवर मारू नये आणि फोटो विचारूनच काढावा. अरुंद पायवाटेवर त्यांचा तोल गेला तर इजा त्यांनाच होते.

कड्यावर उभे राहून फोटो घेण्याबद्दल इतकेच सांगतो की एप्रिल २०२४ मध्ये इजेनच्या काठावर फोटो काढून घेताना एक पर्यटक महिला तोल जाऊन खाली पडली आणि दगावली.

सलग दोन रात्री जागणे

बालीहून निघणाऱ्या बहुतेक सहलींत पहिल्या रात्री इजेन आणि दुसऱ्या रात्री ब्रोमो असतो, आणि मधला दिवस गाडीत जातो. म्हणजे सलग दोन रात्री झोप नाही, आणि गाडी चालवणाऱ्यालाही तीच शिक्षा. थकलेला माणूस मास्क सैल ठेवतो, सूचना ऐकून न ऐकल्यासारखे करतो आणि आलोच आहोत तर वर जाऊ म्हणतो. दोन्हींच्या मध्ये एक पूर्ण रात्र झोपेसाठी ठेवावी. खर्च एका मुक्कामाचाच वाढतो. जुलै-ऑगस्टमध्ये ब्रोमो परिसरात पहाटे तापमान शून्याच्या आसपास उतरते आणि बालीच्या उकाड्यातून अर्ध्या चड्डीत आलेली माणसे सुमारे २,७७० मीटर उंचीच्या पनांजाकानवर सूर्योदयाची वाट पाहत कुडकुडत बसतात. कानटोपी, हातमोजे आणि वारा अडवणारे जाकीट सॅकमध्ये असावेच.

ब्रोमोच्या काठावर

पायऱ्या चढून विवराच्या ओठावर पोहोचता येते, म्हणून ब्रोमो सोपा वाटतो. जून २००४ मध्ये अचानक झालेल्या स्फोटात दगड लागून इथे दोघांचा मृत्यू झाला होता. काठ अरुंद आहे आणि कठडा थोड्याच भागात आहे. त्याच्या पुढे राखेच्या धारेवरून चालत जाऊ नये. गडगडाट झाला किंवा धुराचा लोट एकदम काळा व दाट झाला तर मोबाइल खिशात टाकून खाली निघावे. दगड पडू लागले आणि पळायला वेळच उरला नाही तर मोठ्या खडकाआड बसून सॅक डोक्यावर व मानेवर धरावी, आणि मारा ओसरताच दूर जावे. ट्रेकचे हेल्मेट असेल तर ते न्यावे. राख डोळ्यांत गेली तर चोळू नये, कारण तिचे कण काचेसारखे धारदार असतात. भरपूर पाण्याने डोळे धुवावेत.

काठावर गणपतीची मूर्ती आहे आणि तेंगेर समाजाचे लोक तिच्यापुढे फुले वाहतात. यज्ञकसद उत्सवात हा समाज विवरात धान्य, भाजीपाला, कोंबड्या अर्पण करतो. आपल्याला हे सगळे जवळचे वाटते, म्हणूनच मूर्तीला टेकून फोटो काढणे टाळावे. डोंगराच्या पायथ्याचे गवत कोरड्या दिवसांत झटकन पेटते. सप्टेंबर २०२३ मध्ये विवाहपूर्व फोटोसाठी लावलेल्या फ्लेअरमुळे शेकडो हेक्टर जळाले.

पाऊस आणि विमान

डोंगर शांत असला तरी उतारावर साचलेली राख पावसात चिखल होऊन ओढ्यांतून दगडधोंड्यांसह धावत येते. नोव्हेंबर ते मार्च या काळात ब्रोमोजवळच्या सेमेरू ज्वालामुखीच्या पायथ्याच्या नद्यांत हे वारंवार होते. वरच्या भागात पाऊस पडत असेल तर कोरड्या दिसणाऱ्या पात्रात गाडी उभी करू नये आणि पाणी वाढलेला ओढा ओलांडू नये.

नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्लोरेस बेटावरील लेवोतोबी लाकी-लाकीच्या राखेमुळे सुमारे ८०० किलोमीटर दूरच्या बालीची विमाने रद्द झाली, त्यांत भारतातून येणारी-जाणारीही होती. मुंबईला परतल्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचे असा बेत आखू नये. विमा काढताना ज्वालामुखीमुळे झालेला विलंब आणि उंचीवरील चढाई या दोन्ही बाबी पॉलिसीत आहेत का, ते लेखी विचारावे. उद्रेक सुरू झाल्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत तो उद्रेक बहुधा धरला जात नाही. जवळ चार दिवसांची जादा औषधे ठेवावीत आणि विमान रद्द झाल्यास जावाच्या बाजूने सुराबायाहून परतीचा मार्ग उघडा आहे का, तेही आधीच पाहून ठेवावे.