जुन्या ट्यूब ॲम्पमधून जास्त डिस्टॉर्शन हवे आहे? आधी या चुका टाळा

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या छोट्या वर्कशॉपमध्ये जे जुने गिटारचे ट्यूब ॲम्प (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारे) येतात, त्यांतले निम्मे वयामुळे बिघडलेले नसून मालकाच्या उत्साहामुळे बिघडलेले असतात, आणि तक्रारीची सुरुवात बहुतेक वेळा एकाच वाक्याने होते: "काका, आवाज प्रचंड येतो, पण डिस्टॉर्शन काही येत नाही." डिस्टॉर्शन म्हणजे रॉक गिटारचा तो फाटलेला, करकरीत आवाज. तो न येण्यात ॲम्पचा दोष नाही. साठच्या दशकातला फेंडर ट्विन रिव्हर्ब सुमारे 85 वॅटचा असून तो आवाज स्वच्छ राहावा म्हणूनच बनवला होता. त्याच काळातल्या मार्शलच्या चार इनपुटांच्या हेडला (स्पीकर वेगळा असलेला नुसता ॲम्प) मास्टर व्हॉल्यूमही, म्हणजे डिस्टॉर्शन ठेवून शेवटचा आवाज कमी करणारा नॉबही, नव्हता. मार्शलने तो 100 वॅटच्या हेडवर दिला तो 1975 साली. अशा ॲम्पचे खरे डिस्टॉर्शन पॉवर ट्यूब (स्पीकरसाठी ताकद देणाऱ्या शेवटच्या ट्यूब) आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ती ताकद स्पीकरला जुळवून देणारा) आपल्या मर्यादेला टेकले की मगच येते, आणि तोपर्यंत खिडक्यांची तावदाने वाजू लागलेली असतात. ही गोष्ट मान्य करायची तयारी नसली की माणूस आडवाटा शोधू लागतो.

त्यांपैकी सर्वांत महागात पडणारी आडवाट म्हणजे स्पीकर काढून ॲम्प वाजवणे. घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये राहणाऱ्या मुलाने सत्तरच्या दशकातले 50 वॅटचे मार्शल हेड हौसेने विकत घेतले होते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दोनदा समज दिल्यावर त्याने स्पीकर काढला, त्या जॅकमधून साधी गिटारची केबल थेट संगणकाच्या ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज संगणकात घेणाऱ्या डब्यात) घातली, कानाला हेडफोन लावला आणि व्हॉल्यूम शेवटपर्यंत फिरवला. "पहिली दहा मिनिटं काय भारी वाजला, काका!" असे तो मला सांगत होता. वाजणारच, 50 वॅटचा ॲम्प 8 ओहमच्या लोडवर, म्हणजे स्पीकरवर, 20 व्होल्ट देतो आणि लाइन इनपुटला त्याच्या जवळपासही काही झेपत नाही, त्यामुळे जे डिस्टॉर्शन त्याला भारी वाटत होते ते बिचाऱ्या इंटरफेसच्या इनपुटचे होते. अकराव्या मिनिटाला जळका वास आला.

मी झाकण उघडले तेव्हा एका ईएल34 पॉवर ट्यूबच्या सॉकेटवर तीन आणि दोन क्रमांकांच्या पिनांमध्ये कोळशाची काळी रेघ उमटलेली होती. मल्टिमीटर लावला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीची (ट्यूबकडच्या गुंडाळीची) एक बाजू रीडिंग देत होती आणि दुसरी पूर्ण ओपन, म्हणजे तुटलेली, होती. असे होण्याचे कारण सोपे आहे. इंटरफेसच्या इनपुटचा रोध काही हजार ओहमांचा असतो, म्हणजे ॲम्पच्या दृष्टीने तिथे लोडच नसतो. ट्रान्सफॉर्मरमध्ये साठलेल्या ऊर्जेला बाहेर पडायला वाट उरत नाही, प्रायमरीवरचे व्होल्टेज हजार-दोन हजारांच्या घरात उसळते आणि जिथे इन्सुलेशन कच्चे असेल तिथे ठिणगी पडते. फेंडरच्या अनेक ॲम्पच्या मुख्य स्पीकर जॅकमध्ये प्लग काढताच आउटपुट शॉर्ट होण्याची सोय असते, तिच्यावर विसंबून राहणारेही मला भेटतात. मात्र जॅकमध्ये कोणतीही केबल घातली, अगदी दुसरे टोक मोकळे असलेली, तरी ती सोय संपते.

त्या ट्रान्सफॉर्मरचे रिवाइंडिंग ही आणखी एक कहाणी झाली. स्टॅबिलायझर बांधणाऱ्या कारागिराने प्रायमरी आणि सेकंडरीचे (स्पीकरकडच्या गुंडाळीचे) थर आलटून-पालटून न गुंडाळता एकावर एक सलग गुंडाळले, त्यामुळे ॲम्प वाजू लागला खरा, पण वरचे स्वर कांबळे पांघरल्यासारखे दबून गेले. ते सगळे उलगडून पुन्हा गुंडाळून घेण्यात दोन महिने गेले. ॲम्पची ताकद स्वतःत जिरवणारा अटेन्युएटर किंवा लोड बॉक्स महाग वाटतो म्हणणाऱ्यांना मी आता ते काळे सॉकेटच दाखवतो. जपून ठेवले आहे. अटेन्युएटर ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये बसतो. त्याचे ओहम ॲम्पच्या ओहम निवडायच्या सिलेक्टरशी जुळलेच पाहिजेत, त्याची वॅटची क्षमता ॲम्पच्या निदान दुप्पट असावी आणि जोडणीला जाड स्पीकर केबलच हवी, कारण गिटारच्या केबलमधली बारीक तार तापते आणि तुटली की आपण पुन्हा त्या अकराव्या मिनिटाला येऊन पोहोचतो.

दुसरी चूक अज्ञानापेक्षा चुकीच्या हिशेबाची आहे. चारपैकी दोन पॉवर ट्यूब काढल्या की आवाज निम्मा होईल आणि डिस्टॉर्शन लवकर येईल, अशी अनेकांची समजूत असते. 100 वॅटचे 50 वॅट होतात हे खरे, पण फरक पडतो फक्त 3 डेसिबलचा. कानाला आवाज निम्मा वाटायचा, तर सुमारे 10 डेसिबल कमी व्हावे लागतात, म्हणजे 100 वॅटवरून 10 वॅटवर यावे लागते. शिवाय गिटारचा साधा 12 इंची स्पीकर अवघ्या 1 वॅटवर 1 मीटर अंतरावर 97 डेसिबलच्या आसपास आवाज देतो, आणि निवासी भागाची कायदेशीर मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 10 नंतर 45 डेसिबल आहे. वाशीतला फ्लॅट असो वा नौपाड्यातली चाळ, हे गणित बदलत नाही. तरीही ट्यूब काढायच्याच असतील तर दोन्ही बाजूंची एकेक, म्हणजे टोकांच्या दोन किंवा मधल्या दोन काढाव्यात आणि 16 ओहमचा स्पीकर कॅबिनेट असल्यास सिलेक्टर 8 वर ठेवावा. ही दुसरी अर्धी सूचना न वाचताच लोक ट्यूब उपटतात.

माझी स्वतःची सवय अगदी साधी आहे आणि नवख्यांना ती पटत नाही, कारण तिच्यात स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. ॲम्पचा व्हॉल्यूम तीन-चारवर ठेवायचा, गिटार आणि ॲम्पच्या मध्ये एखादा ओव्हरड्राइव्ह पेडल लावायचा, त्याचा ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल जवळजवळ पूर्ण ठेवायची. पेडलने स्वतः घाण करायची नाही, पहिल्या ट्यूबला नुसता धक्का द्यायचा. मार्शलच्या चार इनपुटांच्या हेडवर दोन्ही चॅनेल छोट्या पॅच केबलने जोडले की आवाज आणखी भरतो. हीच युक्ती ट्विन रिव्हर्बवर करू नये. तिथे दोन चॅनेलचे फेज उलट असतात, म्हणजे एकाची लहर वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली, त्यामुळे आवाज वाढायच्या ऐवजी एकमेकांना खातो.

बायस गरम केल्याने, म्हणजे पॉवर ट्यूबमधून न वाजवतानाही जास्त प्रवाह वाहू दिल्याने, डिस्टॉर्शन नाममात्र वाढते. ट्यूबच्या प्लेटी मात्र लाल होतात. जिथे 12एएक्स7 (सुरुवातीच्या टप्प्यांतली छोटी ट्यूब) आहे तिथे दुसऱ्या कंपनीची महागडी 12एएक्स7 घातल्याने गेन दुप्पट होत नाही, तिचा वर्धन गुणक दोन्हीकडे 100 च असतो. फ्यूजऐवजी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणाऱ्यांविषयी मी लिहिणार नाही.

अमेरिकेतून आणलेला 117 व्होल्टचा ॲम्प आपल्या 230 व्होल्टवर चालवायला लॅमिंग्टन रोडवरून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणताना त्याला खरी तीन पिनांची, अर्थिंग असलेली सॉकेट आहे ना, हे आधी पाहावे. स्वस्तातल्या बऱ्याच डब्यांना दोनच भोके असतात, आणि गिटारच्या तारा हातात असताना अर्थिंग नसणे म्हणजे काय हे मी एकदा अनुभवले आहे. ॲम्पच्या आत हात घालायचा असेल तर स्विच बंद करून प्लग काढल्यावरही वीज साठवणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये 400 व्होल्टपेक्षा जास्त दाब उरलेला असू शकतो. मी जाड रोधकातून तो सावकाश उतरवतो, मल्टिमीटरवर शून्याजवळ आल्याचे पाहतो आणि तरीसुद्धा प्रवाह छातीतून जाऊ नये म्हणून डावा हात खिशातच ठेवतो.