किर्शेच्या मागे भेटू

म्युनिकला नव्यानं आलेली आपली मंडळी पहिल्या हिवाळ्यात हमखास कुरकुरतात, "जर्मनची बी-वन परीक्षा पास झालोय, पण बेकरीतली बाई काय बोलते ते ओ की ठो कळत नाही." माझंही तेच झालं होतं. शब्द आपल्याला येत असतात, पण कानाच्या दाराशी त्यांची झुंबड उडते.

पहिल्याच उन्हाळ्यात शेजाऱ्यांनी जत्रेला बोलावलं. चर्चच्या मागे भेटू म्हणाले. चर्चला जर्मनमध्ये म्हणतात किर्ह्ये, त्यातला ह्य आपल्या 'ह्या'मधल्यासारखा, फक्त जास्त घासून काढलेला. चेरीला म्हणतात किर्शे. आपल्या कानाला दोन्हीकडे सरळ श ऐकू येतो. त्यात मी रोज सकाळी पावाला चेरीचा जॅम फासायचो, त्यामुळे बरणीवरचा शब्दच आधी धावून आला. अर्धा तास एका झाडाखाली उभा राहिलो. झाडही बहुधा सफरचंदाचं होतं.

कान शब्द संपायची वाट बघत नाही. पहिला आवाज आला की तसे सुरू होणारे सगळे शब्द उभे राहतात, आणि रोजच्या वापरातला त्यात पुढे घुसतो. आपली भाषाही तेव्हा गप्प बसत नाही. स्पिव्ही आणि मारियन या दोन संशोधकांनी १९९९ साली रशियन-इंग्रजी बोलणाऱ्यांच्या नजरेचा माग घेतला. रशियनमध्ये 'मार्कू', म्हणजे पोस्टाचं तिकीट, उचलायला सांगितलं की लोकांची नजर शेजारच्या मार्कर पेनाकडेही जायची. मला अजूनही 'बाल्ट' (लवकरच) ऐकलं की क्षणभर बालदी दिसते. उशीला तर इथे चक्क 'किसन' म्हणतात! आणि चुंबन घेणं म्हणजे 'क्युसन'. हा ओठ गोल करून काढलेला इ आपल्याकडे नाही, त्यामुळे कान त्याला कधी इ समजतो, कधी उ. वेबर आणि कटलर यांना २००४ साली डच लोकांत असंच आढळलं: इंग्रजी 'पॅन्डा' ऐकताना त्यांचे डोळे पेन्सिलकडेही वळायचे, कारण ॲ आणि ए त्यांच्या कानात एकाच खणात पडतात.

म्हणून अशा जोड्यांचे शब्द नुसते वाचून पाठ करू नका. कोणाकडून तरी पाठोपाठ म्हणून घ्या आणि कुठला कुठला ते ओळखा. कंटाळवाणं काम आहे, पण जर्मन मुलांना त्यात भारी मजा येते. माझी परीक्षा शेजारच्या सहा वर्षांच्या पोरीनं घेतली आणि नापास केलं.

वेळेच्या बाबतीत मात्र मराठी कामाला येते. 'हाल्ब आख्ट', शब्दशः 'अर्धे आठ', म्हणजे साडेसात. इंग्रजीच्या सवयीनं साडेआठ समजून मी एक अपॉइंटमेंट घालवली आहे. 'हाल्ब द्राय' म्हणजे आपलं अडीच, आणि अडीच आलंय ते अर्धतृतीय यावरून, म्हणजे तिसरा अर्धा. हिशोब तोच! आकड्यांचंही तसंच: पंचेचाळीसमध्ये आधी पाच, मग चाळीस, जर्मनमध्येही तसंच. आपण मध्ये इंग्रजीतून फेरा मारतो आणि ५४ लिहून बसतो. फोनवर नंबर घेताना सरळ 'आइन्त्सेल्न, बिट्टे' म्हणा, समोरचा एकेक आकडा सांगतो. तो 'त्स्वो' म्हणाला तर दचकू नका. तो दोनच आहे. 'त्स्वाय' (दोन) आणि 'द्राय' (तीन) यांची गल्लत होऊ नये म्हणून तसं म्हणतात.

स्टेशनवर वाक्य संपेपर्यंत हलू नका. क्रियापदाचा अर्धा तुकडा 'फेल्ट' ऐकू आला, गाडीचा नंबर आला, 'होयटे' (आज) आलं, आणि खरी बातमी शेवटच्या तुकड्यात, 'आउस'मध्ये: गाडी रद्द.

आता बेकरी. कॉफीच्या मशीनचा घर्रर्र आवाज, मागे रांग. गोंगाटात परकी भाषा आपल्याला इथल्या माणसापेक्षा लवकर दगा देते, त्यामुळे स्वतःला ढ समजू नका. शिवाय क्लासमध्ये 'झोन्स्ट' (आणखी) शिकवतात आणि बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, लोक 'सोन्स्ट' म्हणतात. महिनाभर एकाच बेकरीत, गर्दी ओसरल्यावर जा. बाई रोज तेच विचारते: 'दार्फ्स सोन्स्ट नोख वास साइन?' आणखी काही हवंय का, एवढंच. 'दास वार्स' (बस, एवढंच) म्हणायचं, सुट्टे पैसे ठेवायचे, पिशवी उचलायची.