ओजेटीचे १२० तास : एम.कॉम.ला नवीन आलेल्यांसाठी

यावर्षी ॲडमिशन घेतलेल्या ज्युनिअर मुलींचे फोन येतात, ताई ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग) कुठे करू, सर्टिफिकेट पटकन कुठे मिळेल. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

शैक्षणिक धोरण २०२० चं, आपल्याकडे एम.ए., एम.कॉम.ला ते २०२३ पासून लागू झालं, आणि त्यात दुसऱ्या सेमिस्टरला ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग आलं, म्हणजे १२० तास. आमच्या कॉलेजने जागा शोधायचं काम मुलांवरच सोडलं, जानेवारी संपत आला तरी ऑफिसला द्यायचं कॉलेजचं पत्र हातात नव्हतं. मग बऱ्याच जणांनी ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणला, रिपोर्ट स्पायरल बाइंड केला, आणि मार्क सगळ्यांना जवळपास सारखेच. याचं मला फार वाईट वाटतं, कारण बी.कॉम.ची तीन वर्षं आम्ही जीएसटीची गणितं वहीत सोडवली, पोर्टल कसं दिसतं तेही बघितलं नव्हतं, आणि ते बघायची हीच एक संधी होती.

मी तालुक्यातल्या एका सीए मॅडमकडे गेले. पहिले चार दिवस नुसती बिलं तारखेने लावली, कंटाळा आला, पण त्यातच जीएसटी नंबर वाचायची सवय लागली, २७ ने सुरू झाला की महाराष्ट्र, पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. मग १४ मार्चला २बी (सप्लायरनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारी यादी) आलं आणि मॅडमनी एका हार्डवेअरवाल्यांचं फेब्रुवारीचं परचेस रजिस्टर समोर ठेवलं, म्हणाल्या एकेक बिल जुळव. दुपारपर्यंत सगळं जुळलं, एक रंगाचं बिल सोडून, १ लाखाचा माल आणि त्यावर १८ हजार टॅक्स, २बी मध्ये त्याचा पत्ताच नाही. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, तीनदा बघितलं. मॅडम म्हणाल्या, "अगं सप्लायरला फोन लाव, रिटर्न महिन्याचं भरतात की तिमाही ते विचार." तो तिमाहीवाला निघाला आणि मधल्या महिन्याची बिलं त्याने अपलोडच केली नव्हती, म्हणजे ते टॅक्स क्रेडिट (खरेदीवर दिलेला टॅक्स, जो आपल्या टॅक्समधून वजा होतो) आता तिमाही संपल्यावर एप्रिलमध्ये दिसणार आणि तोवर दुकानदाराने १८ हजार खिशातून भरायचे. हे त्या काकांना फोनवर समजावून सांगायचं कामही माझ्यावरच आलं.

तर जागा निवडताना मोठं नाव बघू नका, काम हातात देतील का ते बघा. सीए ऑफिस, पतसंस्था, सूतगिरणीचं अकाउंट्स डिपार्टमेंट, काहीही चालेल. कॉलेजकडे पत्र डिसेंबरमध्येच मागा. सीएकडे जाणार असाल तर महिन्याच्या ५-६ तारखेपासून जा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) आणि २० ला ३बी (टॅक्स भरायचं रिटर्न) असतं, खरं काम त्याच दिवसांत बघायला मिळतं. आणि कॉलेजवाल्यांना एवढंच सांगणं आहे, गाइड सरांनी एकदा तरी त्या ऑफिसला येऊन जावं, आमच्याकडे कुणीच आलं नाही.

रोजची वही ठेवा, तारीख, तास, काय केलं, खाली ऑफिसची सही. माझ्या व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, ती वही उघडली आणि त्या रंगाच्या बिलावरच बराच वेळ विचारत बसले.