घरी व्हीआर लावून स्ट्रोकचे व्यायाम करताय? या चुका टाळा

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे व्हीआरचा हेडसेट (डोळ्यांवर चढवायचा स्क्रीन, ज्यात आपण खेळाच्या आतच आहोत असं वाटतं) घरात आला की फिजिओला सुट्टी देऊन टाकायची. असं करू नका हो, खरंच. 2016 मध्ये एका मोठ्या अभ्यासात स्ट्रोकचे 141 पेशंट घेतले होते, अर्ध्यांना वी (हात हलवून टीव्हीवर खेळायचा निन्टेन्डोचा व्हिडिओ गेम) आणि अर्ध्यांना पत्ते, जेंगा असले साधे खेळ, आणि शेवटी हाताच्या सुधारणेत दोघांत काही खास फरक निघाला नाही. 2017 च्या कॉक्रेन रिव्ह्यूत (कॉक्रेन ही संस्था एकाच विषयावरचे अभ्यास गोळा करून तपासते) 72 चाचण्या एकत्र तपासल्या, त्यातही हेच की थेरपीच्या जागी व्हीआर दिलं तर हाताला जास्तीचा फायदा दिसत नाही, थेरपी चालू ठेवून वर व्हीआर जोडलं, म्हणजे व्यायामाचा एकूण वेळ वाढला, तर फायदा दिसतो. म्हणजे मशीन एवढ्यासाठी आणायचं की कंटाळून पाच वेळा उचलला जाणारा हात खेळाच्या नादात पन्नास वेळा उचलला जावा.

पण तो कसा उचलला जातोय हे बघणारं कुणीतरी हवं, आणि इथेच बहुतेक घरांत गडबड होते. सगळे मोबाईलवर कास्ट करून स्कोअर बघत बसतात, गेममधले फुगे बाबांच्या हातून पटापट फुटतायत म्हणून टाळ्या वाजवतात, आणि प्रत्यक्षात बाबा हात पुढे नेतच नाहीयेत, कंबरेतून अख्खे पुढे झुकतायत, खांदा कानापर्यंत वर चढवतायत. गेमला ते कळत नाही, त्याला फक्त हात कुठे पोचला तेवढं कळतं. म्हणून तुम्ही बाजूला बसा, स्क्रीन सोडा, पाठ आणि खांदा बघा. पाठ खुर्चीला टेकलेली, पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले. पाठ सुटायला लागली की लेव्हल कमी करा, फुगे जवळ आणा. स्कोअर पडू दे.

चांगला हातच सगळं करतोय असं दिसलं तर त्या हातातला कंट्रोलर (गेमचा रिमोट) काढून घ्या. न वापरलेला हात वापरायचाच नाही अशी सवय लागते आणि नंतर ती मोडणं फार जड जातं.

लुळा हात ओढून वर नेणं तर अजिबात नको, स्ट्रोकनंतर खांदा खाली उतरलेला असू शकतो. खांद्याच्या वर हात न्यायचे गेम फिजिओला विचारूनच. दुखलं की थांबा, "थोडं सहन करा" असं म्हणू नका.

आता "हात दिसतच नाहीये" ही तक्रार. मूठ ताठ आवळलेली असेल तर हेडसेटच्या कॅमेऱ्याला बोटं ओळखता येत नाहीत, त्यात पेशंटची काही चूक नाही, पण त्याला वाटतं आपल्याच्यानं होतच नाही आणि तो मनातून खचतो. अशा वेळी हॅन्ड ट्रॅकिंग (कॅमेऱ्याने हात ओळखणं) बंद करून कंट्रोलर द्या, पकड नसेल तर क्रेप बँडेजने हलकेच बांधा (संवेदना कमी असते, घट्ट बांधलेलं त्यांना कळणारच नाही, म्हणून मधे मधे सोडून कातडी बघत जा). खोलीत उजेड हवा, समोर कपाटाचा आरसा असेल तर चादर टाका. मेटा कंपनीचा क्वेस्ट हेडसेट वापरत असाल तर सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झ आहे ना बघा, आपल्याकडची वीज तीच आहे. आणि हेडसेट खिडकीत उन्हात ठेवू नका, लेन्समधून ऊन आत गेलं की स्क्रीन कायमची जळते.

उभं राहून खेळणं सुरुवातीला नकोच, डोळे झाकलेत आणि तोल आधीच गेलेला. बसून, पाच-दहा मिनिटं, ज्यात आपण जागच्या जागी असतो असेच गेम, चालणारे उडणारे नकोत. फिट येऊन गेली असेल, बीपी वरखाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट लावूच नका. डाव्या बाजूच्या वस्तू सतत सुटत असतील तर "लक्ष नाही तुमचं" म्हणून रागावू नका, स्ट्रोकमध्ये मेंदू एक बाजू टिपायचीच सोडतो, फिजिओला सांगा.

आणि चक्कर आली की ती व्हीआरचीच असेल असं धरून झोपवून ठेवू नका. हेडसेट काढा, चेहरा बघा, दोन्ही हात वर करायला सांगा, एक वाक्य बोलायला लावा. तोंड वाकडं, हात खाली पडतोय, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी नवीन दिसलं तर लगेच 108 ला फोन, कारण गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साधारण साडेचार तासांचीच मुदत असते आणि ती लक्षणं सुरू झाल्यापासून मोजतात.