नवा राउटर आला, वेग मात्र ९४ वरच अडला

प्लॅन ३०० एमबीपीएसचा, राउटर वाय-फाय ६ चा, तरी स्पीड टेस्ट ९४-९५ च्या पुढे सरकेना. हा आकडा दिसला की राउटरला दोष देऊ नका, केबल बघा. १०० एमबीपीएसच्या जोडणीत प्रत्यक्षात एवढंच हाती लागतं.

राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर वॅन पोर्टपुढे (बाहेरून येणारं इंटरनेट जिथे जोडतात तो) १०० दिसत होतं, १००० नाही. फायबरच्या डबीपासून राउटरपर्यंतची जुनी केबल काढून प्लग उजेडात धरला, तर आत चारच तारा: १, २, ३ आणि ६ नंबरच्या. शंभरला तेवढ्या पुरतात. गिगाबिटला, म्हणजे हजारला, आठही लागतात. जुन्या राउटरचे पोर्टच शंभरचे, त्यामुळे इतकी वर्षं कळलंच नाही.

गिगाबिट चालणारी नवी कॅट ५ई केबल घेतली, दोन्ही टोकांना आरजे-४५ प्लग क्रिंप केले, म्हणजे क्रिंपर या पकडीने दाबून बसवले. क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तारांचा पीळ प्लगपर्यंत शक्य तितका राखावा, आणि बाहेरचं आवरण प्लगच्या खिट्टीखाली यायलाच हवं, नाहीतर ओढ बसली की तारा निसटतात. क्रिंपर नसेल तर पॅच कॉर्ड, म्हणजे प्लग बसवलेली तयार केबल घ्या, उगाच दातांनी सोलत बसू नका.

मग प्रिंटर रुसला. नाव-पासवर्ड जुनेच ठेवले होते, पण वाय-फायची सुरक्षा डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर होती, ती प्रिंटरला कळेना. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याला आधीची डब्ल्यूपीए२ केल्यावर तो लगेच जोडला गेला.