लिंटर कडक करण्यापूर्वीची तयारी

पायथनमधल्या एखाद्या जुन्या मुक्तस्रोत प्रकल्पाला ब्लॅक हा फॉर्मॅटर (कोडची मांडणी एकसारखी करणारे साधन) आणि रफ हा लिंटर (कोडमधल्या चुका व नियमभंग दाखवणारे साधन) नव्याने लावायचा असेल, तर साधने बसवण्याचे काम अगदी थोडे असते. वेळ जातो तो तयारीत, आणि तयारी टाळली तर त्रास पुढे वर्षानुवर्षे कोड वाचणाऱ्यांना होतो. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) स्वतंत्र ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी शाखा, काढावी, टेस्ट आधीपासून पास होत आहेत ना हे पाहावे. याहून अधिक त्याविषयी सांगायला नको.

सर्वप्रथम प्रलंबित पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याच्या विनंत्या) निकालात काढाव्यात. ज्या मर्ज (मुख्य कोडमध्ये सामील) होण्याजोग्या आहेत त्या मर्ज कराव्यात आणि उरलेल्यांच्या लेखकांना बदलाची तारीख आगाऊ कळवावी. फावल्या वेळात विनामोबदला काम करणाऱ्या माणसाच्या माथी अचानक शेकडो कॉन्फ्लिक्ट (एकाच ओळीतल्या बदलांचे संघर्ष) मारणे हा अन्याय आहे, आणि असा माणूस बहुधा परत येत नाही.

फॉर्मॅटिंगचा बदल एकाच स्वतंत्र कमिटमध्ये (गिटमधली बदलाची एक नोंद) ठेवावा आणि त्यात हाताने केलेली एकही दुरुस्ती मिसळू नये. नेमकी कोणती आज्ञा चालवली ते कमिटच्या संदेशात लिहावे, म्हणजे हजारो ओळी डोळ्यांखालून घालण्याऐवजी तपासणाऱ्याला तीच आज्ञा चालवून निकाल जुळवता येतो.

आता जे मागच्या वेळी माझ्याकडून राहिले ते. फॉर्मॅटिंगच्या कमिटनंतर गिट ब्लेम (प्रत्येक ओळ शेवटी कोणत्या कमिटने बदलली ते दाखवणारी आज्ञा) चालवले की बहुतेक ओळींवर त्या एकाच कमिटचे नाव दिसते, आणि ती ओळ मुळात कोणी व कोणत्या त्रुटीसाठी लिहिली हे शोधणे जिकिरीचे होते. त्यावर गिटच्या २.२३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, उपाय उपलब्ध आहे: प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमध्ये ‘.गिट-ब्लेम-इग्नोअर-रेव्ह्ज’ (.git-blame-ignore-revs) नावाची फाइल ठेवावी आणि तिच्यात त्या कमिटचा पूर्ण, ४० अक्षरी हॅश (कमिटची ओळखखूण) लिहावा. जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कने फेब्रुवारी २०२२ मध्ये सारा कोड ब्लॅकने नव्याने मांडला, आणि त्या प्रकल्पातही ही फाइल आहे. मात्र हॅश कधी लिहायचा याला फार महत्त्व आहे. पुल रिक्वेस्ट स्क्वॉश (सारी कमिटे एकात मिळवून) किंवा रीबेस (कमिटे मुख्य ब्रँचच्या टोकावर नव्याने रचून) करून मर्ज केली तर हॅश बदलतो, ब्रँचवरचा जुना हॅश निरुपयोगी ठरतो, आणि फाइल जागेवर असूनही ब्लेम पूर्वीसारखेच बिघडलेले राहते. म्हणून आधी मर्ज करावे, मुख्य ब्रँचवरचा हॅश घ्यावा आणि तो लगेच दुसऱ्या कमिटने फाइलमध्ये नोंदवावा. हे दुसरे कमिट उद्यावर ढकलू नये. गिटहबचे ब्लेम पान ही फाइल आपोआप वाचते, पण प्रत्येकाच्या स्वतःच्या संगणकावरील गिटला तिचे नाव सेटिंगमध्ये सांगावे लागते आणि ते सेटिंग क्लोनबरोबर येत नाही. ते फक्त त्या प्रकल्पापुरतेच करावे, कारण सर्व प्रकल्पांसाठी केल्यास जिथे ही फाइल नाही तिथे ब्लेम चालतच नाही.

वगळायच्या फाइलींची यादी आधीच करावी: बाहेरून जशाच्या तशा आणलेला कोड, प्रोटोबफसारख्या साधनांनी निर्माण केलेल्या फाइली. येथे एक खाच आहे. प्री-कमिट (कमिट करण्याआधी आपोआप तपासण्या चालवणारे साधन) बदललेल्या फाइलींची नावे थेट ब्लॅकच्या हाती देते, आणि थेट दिलेल्या फाइलींना ब्लॅक आपली वगळण्याची नेहमीची यादी लावत नाही. त्यासाठी ‘फोर्स-एक्सक्लूड’ (force-exclude) हाच पर्याय वापरावा लागतो. तसेच न वापरलेले इंपोर्ट काढणारा नियम, एफ४०१, डोळे झाकून चालवू नये. काही इंपोर्ट केवळ प्लगिनची नोंद व्हावी म्हणून लिहिलेले असतात. ते काढले की प्रोग्रॅम सुरू तर होतो, पण प्लगिन सापडत नाही, आणि टेस्टच्या व्याप्तीत ते नसेल तर चूक थेट वापरकर्त्यापर्यंत पोहोचते.

साधनांची आवृत्ती पक्की ठरवावी आणि प्री-कमिट व सीआय (प्रत्येक बदलावर सर्व्हरवर आपोआप चालणारी तपासणी) या दोन्ही ठिकाणी तीच लिहावी. ब्लॅक आपल्या स्थिर शैलीतले बदल साधारणपणे वर्षातून एकदा, जानेवारीत आणते; सीआय नवी आवृत्ती परस्पर उचलत असेल, तर ज्याने कशालाही हात लावलेला नाही अशा नवख्या योगदानकर्त्याची पुल रिक्वेस्ट जानेवारीत विनाकारण लाल, म्हणजे नापास, होते.

नियम सुरुवातीला थोडेच निवडावेत आणि हळूहळू वाढवावेत. एखाद्या ओळीवर लिंटरची सूचना दाबणारी ‘नोक्वा’ (noqa) ही टिप्पणी लिहिताना नियमाचा क्रमांक द्यावा, नुसते लिहू नये. सीआयमधली तपासणी सक्तीची करावी. योगदानाच्या मार्गदर्शिकेत प्री-कमिटची आज्ञा आणि ब्लेमचे सेटिंग, दोन्ही लिहावीत. पुढे जानेवारीत आवृत्ती वाढवून पुन्हा सारा कोड नव्याने मांडाल, तेव्हा त्या कमिटचाही हॅश, मर्ज झाल्यानंतरचा, त्याच फाइलमध्ये नोंदवावा.