पोरांचं बीपी, वाढतं वजन आणि काळी मान : या चुका टाळा

माझ्या पर्समध्ये कायम शिंप्याची टेप असते. मी शिवणकाम करत नाही, नर्स आहे. सांगलीत एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात 19 वर्षं झाली. ती टेप पोरांचे दंड मोजायला लागते. बीपी घ्यायच्या आधी मी टेप काढली की आया हसतात, "सिस्टर, ब्लाउज शिवताय काय?" हसू देत. ही टेप मी एका चुकीनंतर घेतली, आणि ती चूक माझीच होती.

तासगाव तालुक्यातल्या एका शाळेत तपासणी शिबिर होतं. नववीचा वर्ग. प्रार्थना, कवायत उरकून पोरं थेट रांगेत उभी. कुणाला धाप लागलेली, कुणी मागच्याला चिमटे काढतंय. माझ्याकडे बीपी मशीनचा, दंडाला गुंडाळायचा एकच पट्टा, नेहमीचा मोठ्या माणसांचा मध्यम. दुसरे दोन दवाखान्यात राहिले होते आणि परत जायचा मला कंटाळा आला. 50 पोरं दोन तासांत उरकली. 9 जणांचं बीपी वाढलेलं आलं. त्यातल्या एका आडदांड पोराचं 146/90. मी कागदावर लाल पेनानं गोल करून दिला आणि "घरी दाखव" म्हणून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी त्याचे वडील त्याला घेऊन आले. पोरगं पांढरंफटक, डोकं दुखतंय, उभं राहिलं की गरगरतंय. विचारलं तर म्हणाले, "आजोबांची बीपीची गोळी दिली की, अर्धी करून." माझ्या लाल गोलाचा हा प्रताप. डॉक्टरांनी गोळी बंद केली आणि मला पहिल्यापासून सगळं मोजायला लावलं. दंडाचा घेर 36 सें.मी. माझा पट्टा 32 पर्यंतचा. तोकडा पट्टा जाड दंडावर लावला की आकडा खोटा वर जातो. मोठा पट्टा लावला, पाच मिनिटं गप्प बसवलं, तीन वेळा मोजलं. सरासरी 128/76. पुढच्या आठवड्यात बाकीचे आठही बोलावले. त्यातले सात अगदी ठीक निघाले.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. खांद्याचं हाड ते कोपर, याच्या बरोबर मध्यावर दंडाचा घेर मोजायचा. पट्ट्याच्या आतल्या रबरी पिशवीची लांबी त्या घेराच्या 80 ते 100 टक्के हवी. घरगुती मशिनबरोबर बहुधा 22 ते 32 सें.मी.चा पट्टा येतो. तो त्यावर छापलेला असतो, फक्त कुणी वाचत नाही. उजवा हात घ्यायचा, कारण हृदयातून निघणारी महाधमनी काही पोरांत जन्मतः अरुंद असते आणि त्यात डाव्या हाताचा आकडा कमी दिसू शकतो. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला. बाही गुंडाळून वर सरकवली तर ती दंडाला आवळते, म्हणून सरळ बाहेर काढायची. मोजताना पोरानं बोलायचं नाही आणि आईनं तर मुळीच नाही. "घरी किती मोबाईल बघतो ते सांग सिस्टरांना" हे वाक्य मशीन सुरू असताना आलं तर मी ते रीडिंग खोडते.

आकडेही समजून घ्या. 13 वर्षांपुढे 120/80 च्या खाली ते नॉर्मल. वरचा 120 ते 129 आणि खालचा 80 च्या आत असेल तर वाढीकडे झुकलेलं. 130/80 पासून पुढे उच्च रक्तदाब, पण तोसुद्धा तीन वेगवेगळ्या भेटींत तसाच आला तरच. 13 च्या आतल्यांना हे आकडे लावायचेच नाहीत, त्यांचे वय आणि उंचीप्रमाणे वेगळे तक्ते असतात. म्हणजे माझं ते 128 वालं पोरगं आजारी नव्हतं, पण निर्धास्त सोडण्यासारखंही नव्हतं. लोकांना एक तर गोळी हवी असते, नाही तर "काही नाही, जा" हवं असतं. "सहा महिन्यांनी परत ये, तोवर मीठ आणि वजन बघू" हे ऐकलं की तोंडं उतरतात.

आता मान.

मानेवर मागे काळपट, जाडसर, मखमलीसारखा पट्टा. काखेतही. दहातल्या आठ आया म्हणतात, "नीट आंघोळच करत नाही." दोन वर्षांपूर्वी एक चौदा वर्षांची मुलगी आली होती, ऐन मे महिन्यात गळ्याला ओढणी गच्च. आई म्हणाली, सर्दी आहे. ओढणी काढली तर मानेवर सालटं निघालेलं. शाळेत कवायतीच्या रांगेत सगळ्यांसमोर "मान घासून ये" असं ऐकावं लागलं होतं. घरी आल्यावर आईनं टाचा घासायची वजरी घेतली, वर लिंबू. त्याआधी दोन महिने मेडिकलमधून आणलेली गोरेपणाची क्रीम. त्यात तगडं स्टेरॉइड होतं, त्यानं कातडी पातळ झालेली. मुलगी बोलत नव्हती, नुसती फरशीकडे बघत होती. मी काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही, डॉक्टरांनी आतून हाक मारून मला गप्प केलं.

तो मळ नसतो. बहुतेक वेळा ती इन्शुलिनची खूण असते. मी आयांना असं सांगते: घरात मोठं पोरगं मोबाईलमध्ये आहे, आई हाक मारते, ते ऐकत नाही. आई आवाज चढवते. मोठं तरी ढिम्म, पण धाकटं दचकून धावायला लागतं. मोठं पोरगं म्हणजे स्नायू आणि यकृत, आई म्हणजे स्वादुपिंड, हाक म्हणजे इन्शुलिन. स्नायू साखर आत घ्यायला कुचराई करतात, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडतं. त्या जोरावर रक्तातली साखर बरीच वर्षं नॉर्मल राहते, आणि म्हणून घरचे म्हणतात, "शुगर तर नाही." पण धाकट्यांना तो आवाज नीट ऐकू जातो. मूत्रपिंड जास्त मीठ आणि त्यामागे पाणी धरून ठेवतं, ताण आल्यावर चालणारी मज्जासंस्था चेकाळते, बीपी चढतं. कातडीच्या पेशी वाढतात, मान काळी पडते. आवाज एकच, मान आणि बीपी ही त्याचीच दोन टोकं. वजरीनं घासून आईचा आवाज कसा उतरेल?

त्या मुलीची मान उजळायला आठ-नऊ महिने लागले आणि अजून पुरती उजळलेली नाही. आधी कंबर कमी झाली, मग मान. हा क्रम उलटा होत नाही, कितीही महागडी क्रीम लावा. फक्त एक सांभाळा: अंगानं बारीक पोराला अचानक अशी मान आली तर त्याचं कारण वेगळं असू शकतं. डॉक्टरांना दाखवाच.

यानंतर रक्ततपासणीची पॅकेजं. कुणीतरी मोबाईलवर "होमा" वाचतं, म्हणजे शरीर इन्शुलिनचं किती ऐकतं याचा अंदाज, उपाशीपोटीची साखर गुणिले इन्शुलिन भागिले 405, आणि रिपोर्ट घेऊन माझ्या टेबलावर आपटतं. अहो, वयात येताना इन्शुलिनचं ऐकणं तसंही साधारण पाव ते एक तृतीयांशानं कमी होतं. वाढीच्या हार्मोनचा तो परिणाम, आणि पुढे ते आपोआप सावरतं. वयात आलेलं पोरगं हाकेला ओ देत नाही, यात नवल काय? शिवाय इन्शुलिनचा आकडा लॅबगणिक बदलतो. आणि "उपाशी होता ना?" विचारलं की उत्तर येतं, "हो, फक्त चहा आणि दोन खारी." डॉक्टर सहसा उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज), रक्तातली चरबी आणि यकृताची तपासणी सांगतात. साखर 100 ते 125 किंवा एचबीएवनसी 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मुलीच्या अंगात लोह कमी असेल तर एचबीएवनसी उगाच वर दिसू शकतं, म्हणून हिमोग्लोबिन बरोबर बघावं.

मोठ्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, पोरांना लावणं ही अजून एक चूक. ॲपवर 22 आला, हिरवा रंग दिसला, आई खूश. बारा वर्षांच्या पोराला 22 हिरवा नसतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे 2015 चे तक्ते 5 ते 18 वयाचे आहेत, ते दवाखान्यात मिळतात. आणि तक्ता कळत नसेल तर माझा सुतळीचा तोडगा. पोराच्या उंचीएवढी सुतळी कापा, दुमडून निम्मी करा, कमरेभोवती गुंडाळा. टोकं जुळली नाहीत तर पोट जास्त आहे. वजनकाटा विकत घेऊन रोज सकाळी पोराला त्यावर चढवणाऱ्या बापांपेक्षा ही सुतळी मला परवडते. काटा रोज बघून पोरं रडतात, कमी होत नाहीत.

"हाडापेरानं बारीक आहे" हीसुद्धा खात्री नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं मोजली. सरासरी 2.7 किलो, इंग्लंडमधली 3.5 च्या आसपास. पण हे कमी भरलेलं वजन मुख्यतः स्नायूंचं होतं, चरबी आपल्या बाळांनी बऱ्यापैकी राखलेली. काटकुळे हात आणि पुढं आलेलं पोट घेऊन आलेलं पोरगं बघितलं की मला तेच आठवतं.

आपल्या भागातली खास चूक म्हणजे तालीम सुटते, खुराक सुटत नाही. दहावी आली म्हणून कुस्ती बंद, क्लास सुरू. दूध दोन लिटर, बदाम, तूप, अंडी तशीच चालू, कारण "पैलवानाचं अंग आहे". सहा महिन्यांत पैलवान खुर्चीत मावत नाही. तालमीत होता तेव्हा खाल्लेलं जिरवणारा स्नायू कामाला लागलेला होता. काम करणारा स्नायू हाक न मारताही साखर आत घेतो, हीच व्यायामाची गंमत. रोज एक तास घाम येईल असं काहीही: आमराईत पळा, सायकलवर क्लासला जा, घाटावर पोहायला शिका. क्लास बदलता येतो पण तो तास मिळत नाही म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पुढची तारीख देते.

गूळ साखरेपेक्षा पौष्टिक म्हणून दुप्पट टाकू नका, इन्शुलिनला दोन्ही सारखेच. रसवंतीतला एक ग्लास उसाचा रस म्हणजे पाच-सहा चमचे साखर, लिंबू पिळलं तरी.

मीठ. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, त्यात लोणचं, पापड, भडंग, ठेचा सगळं आलं. मी मिठाचा पुडा फोडला की त्यावर पेननं तारीख घालते. चार माणसांत 1 किलो निदान 50 दिवस पुरायला हवा. माझ्या घरी पहिल्यांदा 31 दिवसांत संपला होता. (लोणच्याचं मीठ वेगळं धरलं होतं, तरी.)

रात्री एकपर्यंत मोबाईल आणि सकाळी सहाला क्लास: 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास झोप लागते. जाड पोरगं घोरत असेल तर कौतुकानं व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवू नका, डॉक्टरांना दाखवा. झोपेत श्वास अडत असेल तर त्यानंही बीपी चढतं.

जिममधली पावडर, एनर्जी ड्रिंक आणि "सर देतात ते" इंजेक्शन. बीपी वाढलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला मी हे आईला बाहेर पाठवून विचारते. उत्तर बदलतं.

21 दिवसांत 10 किलो कमी? मी अशी पोरं परत आलेली बघितली आहेत, 12 किलो वाढवून. उंची वाढायचं वय असेल तर पुष्कळदा वजन आहे तिथं धरून ठेवलं तरी पुरतं, उंची बाकीचं काम करते. शेजारणीची मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) मात्र पोरीला चालू करू नका.

बारीक पोराचं बीपी पुन्हा पुन्हा वाढलेलं येत असेल तर वजनाच्या गप्पा बाजूला ठेवून आधी लघवी आणि मूत्रपिंडं तपासा. नीट मोजूनही 140/90 किंवा वर असेल तर पुढच्या महिन्यावर ढकलू नका, त्याच आठवड्यात दवाखाना. सोबत जोराची डोकेदुखी, अंधुक दिसणं, उलट्या किंवा फिट आली असेल तर त्याच क्षणी निघा. माझी टेप, पाच मिनिटं गप्प बसणं, तीनदा मोजणं, यातलं काहीही त्या वेळी घरी करत बसू नका. पट्टा तोकडा होता की बरोबर, ते आम्ही इथं बघू.